सुपरमॅन, त्याचे उत्तरभाग आणि दिलसुखनगरातील तीन रात्री

संपादकांनी लेख मागितला तेव्हा माझ्या टेबलावर शाहिरी काव्यावरचा एक अर्धवट निबंध पडून होता. दिवाळीच्या सुटीत तो पुरा करावा, या विचाराने मी कागदांची पिशवी घेऊन हैदराबादला अक्काकडे गेलो. ही २०२५ सालची दिवाळी. निबंध पिशवीतच राहिला. त्याऐवजी तीन रात्री जागून मी ‘सुपरमॅन’चे चार जुने चित्रपट पाहिले आणि त्यांवरून भाच्याशी इतका वाद घातला की, अखेर अक्काने दोघांनाही फराळाचे बंद करण्याची धमकी दिली. प्राध्यापकाने असल्या विषयावर लिहावे, हे आमच्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. परंतु एखादी कथा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना काय मिळवते आणि काय गमावते, हा प्रश्न आपण वर्गात कादंबरी-नाटकांच्या उदाहरणांनी शिकवतोच. तोच प्रश्न या चार चित्रपटांत जितका स्पष्ट दिसतो तितका मला इतरत्र क्वचितच दिसला, म्हणून हा प्रपंच.

अक्काचे घर दिलसुखनगरात, हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांना एवढेच सांगतो की, येथे घरांपेक्षा पाट्या अधिक आहेत आणि बहुतेक पाट्या शिकवणी वर्गांच्या वा विद्यार्थी वसतिगृहांच्या आहेत. वरून मेट्रो धावते, खाली पुस्तकांच्या पिशव्या पाठीला लावलेली मुले धावतात. माझा भाचा त्या मुलांपैकीच एक. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत त्याचे नाव पहिल्या खेपेस थोडक्या गुणांनी हुकले. आता दुसऱ्यांदा तयारी चालू आहे. घरात त्या पहिल्या खेपेविषयी कोणी बोलत नाही. जुलैमध्ये जेम्स गन यांचा नवा ‘सुपरमॅन’ आला तेव्हा तो मित्रांबरोबर जाऊन पाहून आला होता, आणि मी गेल्या गेल्या त्याने विषय काढला.

‘‘मामा, तुमचा १९७८ चा सुपरमॅन मुळाला धरून नाही. नवाच खरा.’’

‘तुमचा’ या शब्दाने मी डिवचला गेलो. शाळकरी वयात तो चित्रपट पाहून धोतराचा पंचा खांद्याला बांधून ओट्यावरून उडी मारणाऱ्यांपैकी मी एक होतो. तेव्हा ठरले की रोज रात्री त्याचा अभ्यास आटोपल्यावर जुने भाग क्रमाने पाहायचे आणि मग बोलायचे. समोरच्या घरातील मास्टरगारूही येऊन बसू लागले. ते निवृत्त गणितशिक्षक, मातृभाषा तेलुगू. आमच्याशी ते हैदराबादी हिंदीत बोलतात. येथे मी त्यांचे बोलणे मराठीत देतो. त्यातली लज्जत अर्थातच उतरत नाही.

आधी ‘मुळाला धरून’ या आक्षेपाचा विचार करू. भाच्याचे म्हणणे असे की, नव्या चित्रपटात सुपरमॅनचा कुत्रा आहे, पोशाख जुन्या चित्रकथांतल्यासारखा आहे, तेव्हा तो मुळाशी अधिक प्रामाणिक आहे. मी विचारले, ‘‘मूळ म्हणजे कोणते?’’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर गमतीचे आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँड शहरातल्या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. त्या सुपरमॅनला उडता येत नव्हते! तो फक्त लांब उड्या मारत असे, एका उडीत एक अष्टमांश मैल. फ्लायशर बंधूंच्या कंपनीने १९४१ साली त्याच्यावर व्यंगचित्रपट काढले. त्यात पुन्हा पुन्हा जमिनीवर टेकणारा आणि पुन्हा उसळणारा माणूस चांगला दिसेना, म्हणून त्याला सरळ उडवले गेले. ज्या क्रिप्टोनाइट खड्याने त्याची शक्ती हरपते तो खडा १९४३ साली रेडिओच्या श्रुतिकेत प्रथम आला आणि चित्रकथेत शिरला १९४९ मध्ये. वृत्तपत्राचा तो तरुण छायाचित्रकार जिमी ऑल्सन, तो तापट संपादक पेरी व्हाइट, ही मंडळीही रेडिओने घडवलेली. आणि भाच्याचा तो कुत्रा १९५५ चा. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो ते सतरा-अठरा वर्षांत रेडिओ, चित्रपट आणि छापील पाने यांनी मिळून रचलेले आहे. आपल्याकडे रामकथेचे झाले तेच. कोणत्या रामायणाला धरून, असे विचारल्याखेरीज ‘मुळाला धरून नाही’ असे म्हणता येत नाही.

मास्टरगारू इतका वेळ चिवडा खात होते. ते म्हणाले, ‘‘आमचा सुपरमॅन तर तुमच्या दोघांच्याही मुळाला धरून नाही.’’ आणि त्यांनी जो चित्रपट सांगितला त्याचे नाव मी केवळ ऐकून होतो. १९८० साली तेलुगूत व्ही. मधुसूदन राव यांनी ‘सुपरमॅन’ याच नावाचा चित्रपट काढला. नायक एन. टी. रामाराव. राम, कृष्ण यांच्या भूमिका करून जे आंध्रात घरोघर पूजले जात होते आणि पुढे १९८३ साली मुख्यमंत्री झाले, तेच. त्यांच्या सुपरमॅनचा क्रिप्टन ग्रहाशी काही संबंध नाही. लहानपणी आईबापांची हत्या डोळ्यांदेखत झालेला मुलगा हनुमंताला शरण जातो आणि हनुमंत त्याला शक्ती देतो! भाचा हसला. मास्टरगारू मात्र हसले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, आकाशातून पडलेल्या ग्रहावरचा मुलगा बलवान असतो, याचे आमच्या प्रेक्षकाला काय? त्याला विचारायचे असते, ही शक्ती कोणी दिली आणि कशासाठी दिली. ‘‘वराला अट असते. अट नसेल तर तो वर नव्हे, लॉटरी आहे.’’

येथे थोडे विषयांतर करतो. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या प्रशांत वर्मा यांच्या ‘हनुमान’ या तेलुगू चित्रपटातही हीच कल्पना आहे. खेड्यातल्या एका उनाड पोराला हनुमंताच्या अंशाने शक्ती मिळते. त्या गावाचे नाव अंजनाद्री. आता हनुमंताचे जन्मस्थान कोणते म्हणाल, तर आमच्या नाशिकची मंडळी त्र्यंबकेश्वरजवळचे अंजनेरी सांगतात, कोप्पळ जिल्ह्यातील आनेगुंदीजवळची अंजनाद्री टेकडी आपल्या कन्नड विभागातील मित्रांना ठाऊक असेलच, आणि २०२१ साली तिरुमलच्या देवस्थानाने आपल्या डोंगरावरील अंजनाद्रीचा हक्क जाहीर केला. एका हनुमंतावर तीन भाषांचा दावा! या भांडणात आपल्या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांनी पडू नये हे बरे. मला सांगायचे आहे ते एवढेच की, हनुमंताच्या कथेत शक्तीबरोबर एक शापही आहे. ऋषींच्या शापामुळे त्याला स्वतःच्या बळाचे विस्मरण होते. समुद्रतीरावर जांबवंत आठवण करून देतो तेव्हाच तो उड्डाण करतो. बलवान नायकाची कथा त्याच्या बळावर उभी राहत नाही, त्या बळावरच्या बंधनावर उभी राहते. चित्रपट बरा की वाईट हे ठरवण्याची माझी कसोटी ही आहे. त्या बंधनाची किंमत नायकाला पडद्यावर मोजावी लागते की नाही?

आता पहिल्या भागाकडे वळू. निर्माते अलेक्झांडर आणि इल्या साल्काइंड यांनी ‘गॉडफादर’चे लेखक मारिओ पुझो यांच्याकडून कथा लिहवून घेतली, ती पुढे इतरांनी बदलली, आणि रिचर्ड डॉनर या दिग्दर्शकाने पहिला व दुसरा भाग एकाच वेळी चित्रित करावयास घेतला. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढचा सारा घोळ हिच्यातूनच निघतो.

डॉनर यांच्यापुढील पहिली अडचण उडण्याची. तोफेतून बाहुले उडवून पाहिले, दूरनियंत्रित छोट्या विमानाला सुपरमॅनचा आकार देऊन पाहिला, हाताने रेखाटूनही पाहिले. सारेच हास्यास्पद झाले. अखेरीस झोरान पेरिसिक यांनी जी युक्ती काढली ती आमच्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. नटाच्या मागे पडदा ठेवून त्यावर आधीच चित्रित केलेले आकाश वा शहर टाकायचे आणि दोन्ही मिळून कॅमेऱ्याने टिपायचे, ही पद्धत पूर्वीपासून होती. पण भिंगाने नट जवळ आणावा तर मागचे शहरही तितकेच मोठे होते, आणि माणूस पुढे आला असे वाटत नाही. पेरिसिक यांनी प्रक्षेपकालाही कॅमेऱ्यासारखेच झूम भिंग बसवले आणि दोन्ही भिंगे एकमेकांना जोडून टाकली. कॅमेऱ्याचे भिंग जितके मोठे करते तितकेच प्रक्षेपकाचे भिंग पडद्यावरचे चित्र लहान करते. परिणामी शहर होते तेवढेच राहते आणि मधला माणूस तेवढा वाढत जातो. तो आपल्या अंगावर उडत येत आहे असा भास होतो. नट जागचा हलतही नाही! हे समजल्यावर ते दृश्य पुन्हा पाहिले, आणि तरीही मला तो उडतानाच दिसला.

परंतु या चित्रपटाचे खरे यश तंत्रात नसून ख्रिस्तोफर रीव्ह या नटात आहे. निवड झाली तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता. चष्मा लावला की सुपरमॅनला कोणी ओळखत नाही, ही चित्रकथेतली सर्वांत बालिश गोष्ट. कागदावर ती खपते. जिवंत माणसाने ती कशी खपवावी? रीव्हने ती देहबोलीने खपवली. एका प्रसंगात नायिका लुईस दुसऱ्या खोलीत गेलेली असताना क्लार्क तिला सत्य सांगायचे ठरवतो. तो चष्मा काढतो, पाठीचा कणा ताठ होतो, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो. आपल्या डोळ्यांसमोर एक माणूस दुसरा होतो. मग धीर सुटतो, चष्मा परत चढतो आणि तो पुन्हा आक्रसतो. कॅमेऱ्याची काही करामत नाही. ज्यांनी ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकरांना निपाणीच्या लखोबा लोखंड्यातून दुसऱ्या सोंगात शिरताना पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. फरक इतकाच की, लखोबा सोंगे घेऊन लुबाडतो आणि क्लार्क सोंग घेऊन स्वतः लुबाडला जातो. ज्या स्त्रीवर त्याचे प्रेम आहे ती त्याच्या सोंगाकडे ढुंकून पाहत नाही. हीच ती किंमत.

शिवाय या चित्रपटाने नायकाला दोन बाप दिले आहेत. क्रिप्टनवरचा बाप जोर-एल (मार्लन ब्रँडो) मुलाला पृथ्वीवर पाठवताना एक आज्ञा देतो : मानवाच्या इतिहासात ढवळाढवळ करावयाची नाही. पृथ्वीवरचा पालक बाप हृदयविकाराने शेतावर कोसळतो, आणि एवढे बळ अंगात असूनही आपल्याला त्याला वाचवता आले नाही, हे त्या कोवळ्या पोराच्या मनात कायमचे रुतते. बंधन आणि जखम. येथवर पटकथेला नावे ठेवायला जागा नाही.

आणि मग शेवट येतो. भूकंपात लुईस मोटारीसकट गाडली जाते, मरते. सुपरमॅन आक्रोश करतो, आकाशात झेपावतो, पृथ्वीभोवती इतक्या वेगाने फिरतो की पृथ्वी उलटी फिरू लागते, काळ मागे जातो आणि लुईस जिवंत होते.

मास्टरगारूंनी गणितशिक्षकाच्या तत्परतेने सांगितले की, पृथ्वी उलटी फिरवल्याने काळ उलटा फिरत नाही. घड्याळाचे काटे मागे ओढण्यासारखेच ते आहे. भाच्याचे उत्तर असे की, पृथ्वी त्याने फिरवलीच नाही, तो स्वतः काळात मागे जात होता आणि म्हणून आपल्याला ती उलटी फिरताना दिसली. असेलही. माझा आक्षेप विज्ञानाचा नव्हताच. मी म्हणालो, ‘‘ज्या चित्रपटाने दोन तास मरण अटळ आहे असे सांगितले, त्यानेच शेवटी मरण पुसून टाकले. हा लेखकाने स्वतःच्याच कथेशी केलेला दगाफटका आहे. असे करता येत असेल, तर पालक बापाला का नाही वाचवले? पुढच्या भागात कोणाच्याही जिवाची काळजी प्रेक्षकाने का करावी? चूक पुसता आली की गोष्ट संपते.’’

मी हे वर्गात बोलतो त्या आवाजात बोललो असावा. भाचा काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे मामा, ज्याचे एकदा हुकले त्याने पुन्हा प्रयत्नच करू नये?’’

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हणालो, अरे, मी सिनेमाविषयी बोलतो आहे. तो म्हणाला, मीही सिनेमाविषयीच बोलतो आहे. आणि उठून अभ्यासाच्या खोलीत गेला.

दुसऱ्या रात्री तो येईल असे वाटले नव्हते, पण आला. त्या दिवशी दुसरा भाग होता. त्याआधी मी त्याला एक हकीकत सांगितली. ती काहीशी समझोत्यासाठी होती हे कबूल करतो. काळ मागे फिरवण्याचा तो शेवट मुळात पहिल्या भागाचा नव्हताच. तो दुसऱ्या भागाच्या अखेरीसाठी योजलेला होता. पहिल्या भागाला दणदणीत शेवट हवा म्हणून तो उचलून आधी वापरला गेला, नंतरचे नंतर पाहू, या भरवशावर. नंतर काय झाले? दुसऱ्या भागाचे बरेचसे चित्रण हातावेगळे केलेल्या डॉनर यांना निर्मात्यांनी काढले आणि रिचर्ड लेस्टर यांना आणले. १९८० साली तो भाग पडद्यावर आला, तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचा शेवट उरलेला नव्हता.

तरीही दुसरा भाग कल्पनेच्या दृष्टीने चौघांत उत्तम आहे, हे माझे मत कायम आहे. सुपरमॅन पॅरिसमध्ये फुटू घातलेला हायड्रोजन बाँब अंतराळात भिरकावतो. त्या स्फोटाने क्रिप्टनचे तीन कैदी सुटतात आणि पृथ्वीवर चालून येतात. नायकाच्या सत्कृत्यातूनच संकट जन्मते. अशी गुंफण आपल्या महाभारतात शोभावी. नेमक्या त्याच वेळी तो लुईसवरच्या प्रेमापोटी शक्तीचा त्याग करून सामान्य माणूस झालेला असतो. रस्त्यावरच्या खाणावळीत एक दांडगा ट्रकवाला त्याला मारतो, आणि आपल्या ओठातून आलेले रक्त तो आश्चर्याने पाहत राहतो. भाच्याने हे दृश्य दोनदा लावले.

मग त्याची शक्ती परत कशी येते? चित्रगृहांत गेलेल्या आवृत्तीत ते नीट सांगितलेलेच नाही. हिरवा स्फटिक हाती लागतो आणि काम होते. याचे कारण कथेत शोधून सापडणार नाही, ते हिशेबाच्या वहीत आहे. ब्रँडो यांनी पहिल्या भागासाठी ३७ लाख डॉलर आणि वर उत्पन्नात हिस्सा घेतला होता. दुसऱ्या भागातही ते दिसले असते तर पुन्हा पैसे मोजावे लागले असते. तेव्हा त्यांची चित्रित झालेली दृश्ये वगळून त्या जागी आईची भूमिका करणाऱ्या सुझाना यॉर्क यांना उभे केले. डॉनर यांनी योजलेली आवृत्ती अखेर २००६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की काय कापले गेले होते. तीत मुलाला शक्ती परत देताना बापाच्या प्रतिमेत उरलेले अखेरचे चैतन्य खर्ची पडते. बाप कायमचा विझतो. मुलाने आज्ञा मोडली, त्याचे मोल बापाने भरले. पैसे वाचवताना निर्मात्यांनी कथेतली नेमकी किंमतच वाचवली, असे मी म्हटले तेव्हा मास्टरगारूंनी दाद दिली.

येथे पैशाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ज्या दोघांनी सुपरमॅन निर्माण केला त्या सीगल-शुस्टर यांनी १९३८ साली त्याचे हक्क १३० डॉलरला विकले होते. चित्रपट निघत असल्याची बातमी आली तेव्हा ते वृद्ध आणि विपन्न झाले होते. त्यांनी जाहीर तक्रार केली, व्यंगचित्रकारांनी साथ दिली, आणि १९७५ साली कंपनीने प्रत्येकी वार्षिक २० हजार डॉलर निवृत्तिवेतन व निर्माते म्हणून नामनिर्देश मान्य केला. ब्रँडोंचा आकडा वर दिलाच आहे. तुलना वाचकांनी करावी.

दुसऱ्या भागाचा शेवट पाहताना वाद पुन्हा पेटला. लेस्टर यांच्या आवृत्तीत सुपरमॅन लुईसचे चुंबन घेतो आणि त्याचे गुपित तिच्या स्मृतीतून पुसले जाते. डॉनर यांच्या आवृत्तीत त्याऐवजी पुन्हा तोच, पृथ्वी उलटी फिरवण्याचा प्रकार. मी म्हणालो, पाहा, एक उसना शेवट आणि एक जादूटोणा. दोन्हींत झाले गेले पुसणे. भाचा मान हलवत होता. तो म्हणाला, ‘‘पुसले जात नाही, मामा. काल रात्री मी तो शेवट परत पाहिला. लुईस जिवंत होते तेव्हा ती काय करते? मोटार बंद पडली म्हणून त्याच्यावर तणतणते. तिला काहीच माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. ती मेली होती हे फक्त त्याला ठाऊक आहे. आणि इथेही तेच. ती विसरते, तो विसरत नाही. तुम्ही म्हणता किंमत मोजली नाही. मोजली की. एकट्यानेच मोजली.’’

हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. मी चित्रपट पाहताना लुईसकडे पाहत होतो, पोरगा सुपरमॅनकडे पाहत होता.

मास्टरगारू बराच वेळ बोलले नाहीत. दिलसुखनगरात कोणार्क आणि व्यंकटाद्री ही दोन चित्रगृहे एके काळी नाव घेण्याजोगी होती. आता त्यांची नावे निघतात ती बहुधा २१ फेब्रुवारी २०१३ च्या संध्याकाळच्या संदर्भात. एक बाँबस्फोट कोणार्कसमोर झाला, दुसरा व्यंकटाद्रीजवळच्या बसथांब्यावर. मेलेल्यांत शिकायला आलेली मुलेही होती. मास्टरगारू त्या बसथांब्यावर रोज त्याच सुमारास जात. त्या दिवशी कोणाची तरी गणिताची शंका निघाली आणि वर्गातून निघायला उशीर झाला. ते म्हणाले, ‘‘त्यानंतर कितीतरी दिवस मी मनातल्या मनात ती संध्याकाळ मागे नेत होतो. मी मागे नेतो आणि सगळ्यांना तिथून हलवतो. याला शास्त्र लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याशी पैशावरून भांडतो. त्याला काय ठाऊक, मी रात्रभर कुठे होतो ते?’’

त्या रात्री वाद तेवढ्यावरच थांबला. तथापि टीकाकार म्हणून माझे अर्धे म्हणणे मी सोडलेले नाही, ते येथे नोंदवतो. नायक एकटाच आठवण वागवतो, हे भाच्याचे निरीक्षण बिनतोड आहे. पण मग पुढच्या भागांनी ती आठवण वागवायला हवी होती. ज्या माणसाने प्रियेला मेलेले पाहिले आहे, तो दुसऱ्या भागात पहिल्या दृश्यापासून वेगळा वागायला हवा. तसे काही दिसत नाही. सुपरमॅन विसरत नाही, त्याचे उत्तरभाग विसरतात. त्यांना कोणी जांबवंत भेटला नाही.

तिसरा भाग (१९८३) तिसऱ्या रात्री पाहिला. त्याविषयी थोडक्यात सांगतो. विनोदी नट रिचर्ड प्रायर यांना आणून निर्मात्यांनी सुपरमॅनला त्यांच्या मागे उभे केले. एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी आहे. खलनायकाला क्रिप्टोनाइट बनवायचे असते, त्यातला एक घटक यंत्राला ओळखता येत नाही, तेव्हा प्रायर सिगारेटचे पाकीट पाहून त्या जागी ‘टार’, म्हणजे तंबाखूच्या धुरातला डांबरासारखा अंश, लिहून टाकतो! त्या भेसळीने सुपरमॅन मरत नाही, बिघडतो. दारू पितो, पिसाचा कलता मनोरा सरळ करून ठेवतो. (लखोबाचा तंबाखूचा धंदा होता, हे येथे आठवून मला एकट्यालाच हसू आले.) पुढे भंगार मोटारींच्या आवारात त्याचे दोन तुकडे होतात, मळका सुपरमॅन आणि चष्म्यातला क्लार्क एकमेकांना जिवाच्या आकांताने मारतात, आणि क्लार्क जिंकतो. ती पाचसात मिनिटे रीव्हने जो अभिनय केला आहे त्यासाठी बाकीचा चित्रपट सोसावा.

चौथा भाग पाहायला भाचा बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची सराव परीक्षा होती. मास्टरगारू अर्ध्यावर घोरू लागले. १९८७ सालचा हा भाग कॅनन नावाच्या कंपनीने काढला, आणि ऐन वेळी खर्चाला कात्री लावून अंदाजपत्रक निम्म्यावर, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरवर आणले. न्यूयॉर्कचे राष्ट्रसंघ भवन म्हणून इंग्लंडातील मिल्टन कीन्स गावातल्या इमारती दाखवल्या आहेत. सुपरमॅनच्या उड्डाणाचे एकच दृश्य पुन्हा पुन्हा वापरले आहे. पेरिसिक यांच्या भिंगांची ती अवस्था पाहून वाईट वाटते.

पण विषय पाहा. एक शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो : जगातील अण्वस्त्रे नाहीशी कर. या कथेच्या कल्पनेत स्वतः रीव्हचा वाटा होता. जोर-एलची ती जुनी आज्ञा येथे पुन्हा समोर उभी राहते. पहिल्या भागात ती एका स्त्रीसाठी मोडली, आता साऱ्या मानवजातीसाठी मोडावी की नाही? सुपरमॅन राष्ट्रसंघात जातो, क्षेपणास्त्रे एका प्रचंड जाळ्यात गोळा करतो आणि सूर्यात फेकून देतो. शेवटी तो कबूलही करतो की, शांतता त्याला कोणाला देता येणार नाही. हा प्रश्न पहिल्या भागाच्या तोडीचा होता. तो मांडायला पैसे नव्हते आणि बहुधा धीरही नव्हता. २००६ साली ‘सुपरमॅन रिटर्न्स’ काढताना ब्रायन सिंगर यांनी तिसरा आणि चौथा भाग जणू झालेच नाहीत असे धरले. म्हणजे काळ मागे फिरवण्याची विद्या चित्रपटवाल्यांनी सुपरमॅनकडूनच उचलली म्हणायची!

सकाळी मी निघालो तेव्हा अक्का डबा भरत होती. भाचा बूट घालता घालता विचारत होता, चौथ्यात लुईसला सगळे आठवते की नाही. मी सांगितले, त्या भागात तो तिला आपले गुपित पुन्हा एकदा सांगतो, आणि पुन्हा एकदा चुंबनाने विसरायला लावतो. ‘‘बघा,’’ तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. मेट्रोच्या स्थानकापर्यंत मास्टरगारू पोहोचवायला आले. रामारावांचा सुपरमॅन कुठे मिळाला तर कळवतो म्हणाले. मिळाल्यास त्यावर पुढील अंकात लिहीन. शाहिरी काव्याचा निबंध संपादकांनी आणखी एक वर्ष धीराने घ्यावा.